चौथ्या ‘काहून’समोरचं नाव

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सत्यशीला मनवरच्या मोबाइलवर एक फोटो आला. मालवाहू तीनचाकीच्या ब्रेकचं पेडल अर्धं दाबलेलं, त्यावर पाय मात्र कुणाचाच नाही. खाली दोन ओळी : ‘पाय काढल्यावर पेडल वर येत नाही. लॉट तुमचा. आतापर्यंत अकरा सापडले.’

फोटो पाठवणारी उर्वशी संभाजीनगरच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होती. ती कंपनी पेडल जोडून गाडी बनवणाऱ्यांना पुरवायची, आणि त्या पेडलची लोखंडी पट्टी पुसदच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तयार व्हायची. शेडवर पाटी लांबलचक इंग्रजी नावाची होती, पण सगळे त्याला भाऊंचं वर्कशॉप म्हणत. भाऊ म्हणजे मालक सदाशिवराव. सव्वीस माणसं कामाला. त्यांत माल तपासून ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबवा’ म्हणायचा अधिकार एकट्या सत्यशीलाचा. छत्तीस वर्षांची, यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेली, इथे अकरा वर्षं झालेली. तिनं थांबवलेला माल भाऊंनाही सोडता येत नसे. ही गोष्ट एमआयडीसीत चारचौघांना माहीत होती, आणि ती माहीत आहे हे सत्यशीलालाही माहीत होतं.

पट्टीच्या एका टोकाला बारा मिलिमीटरचं भोक असतं. त्यातून पिन जाते आणि पेडल त्या पिनेवर खालीवर होतं. भोक जरा बारीक राहिलं की पिन आवळते, आणि खाली गेलेलं पेडल खालीच बसतं. ब्रेक लागलेलाच राहतो, चाक तापत जातं. म्हणून प्रत्येक भोकात गेज घालून पाहायचं. गेज म्हणजे वीतभर लांबीचा पोलादी दांडा, एक टोक नेमकं बारा मिलिमीटरचं. ते आत गेलं तर भोक चांगलं, अडलं तर पट्टी लाल पेटीत. दुसऱ्या टोकानं भोक फार मोठं नाही ना, ते कळतं. याला डोकं लागत नाही असं भाऊ म्हणत. डोकं नाही, इमान लागतं, असं सत्यशीला म्हणायची.

फोटो पाहिल्यावर तिनं आधी नियमातलं काम केलं. त्याच लॉटमधल्या शंभर पट्ट्या गोदामात शिल्लक होत्या, त्या टेबलावर आणवल्या. तिच्या हाताखाली तपासणीला पायल होती. पायलनं एकेक पट्टी उचलून गेज घातलं. शंभरच्या शंभर भोकांतून ते बिनतक्रार गेलं.

“आपला माल तं बराबर आहे ताई,” पायल म्हणाली. “त्याहिचीच पिन जाडी असंल. नावं ठेवाले आपणच सापडतो त्याहिले.”

सत्यशीलानं मग भोकं आतून मोजायचं यंत्र काढलं. अकरा पूर्णांक नव्व्याण्णव. अकरा पूर्णांक सत्त्याण्णव. बारा पूर्णांक शून्य एक. पुन्हा सत्त्याण्णव. शंभरातली एकोणतीस भोकं बारापेक्षा बारीक होती. बारा मिलिमीटरचं गेज अकरा सत्त्याण्णवच्या भोकात जाऊच शकत नाही. तिनं गेज पुसलं आणि तेच मायक्रोमीटरमध्ये धरलं. ११.९६८. पुन्हा धरलं. ११.९६८. जागा बदलून तिसऱ्यांदा. ११.९६७.

फरक तीन शतांश मिलिमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्माही नाही.

सव्वा अकरा वाजले होते. पायल पाठमोरी होऊन पट्ट्या रचत होती. सत्यशीलानं गेज फडक्यात गुंडाळलं आणि टेबलावर न ठेवता स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. कपाटातून नवं गेज काढलं, त्याचं पाकीट फोडलं आणि ते जुन्याच्या जागी ठेवलं. हे आपण ठरवून केलं नाही, असं ती पुढचे दोन दिवस स्वतःला सांगत राहिली. पण पाकिटाचा कागद तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकला नव्हता. घडी करून तोही पर्समध्येच ठेवला होता. न ठरवता केलेल्या कामात माणूस एवढी काळजी घेत नाही.

गेज कसं झिजलं, हे तिला शोधावं लागलं नाही.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती. त्या दिवशी शेडमध्ये दुपारपर्यंतच काम. मशिनी धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, प्रत्येकानं आपापलं हत्यार पुसून टेबलावर मांडायचं. संध्याकाळी भाऊ आणि त्यांची पत्नी इंदुताई जोडीनं पूजा करत, नारळ फुटे, बुंदीची पाकिटं वाटली जात. सत्यशीलाचं घर बौद्ध. तिच्या आजोबांनी छप्पनला नागपुरात दीक्षा घेतलेली. ती पूजेला हात जोडत नसे आणि त्याबद्दल शेडमध्ये कुणी तिला कधी काही म्हटलंही नव्हतं. आदल्या वर्षापर्यंत.

आदल्या वर्षी इंदुताईंनी ओलं कुंकू लावलं होतं, ते गेजवर तसंच वाळलं आणि बाराच्या टोकावर तांबूस डाग धरला. पुसून जात नव्हता. ते कुंकू लावण्याआधी, मशिनीमशिनींवरून ताट फिरवत इंदुताई तपासणीच्या टेबलाशी आल्या आणि हसत म्हणाल्या होत्या, “सगळ्याइची हत्यारं कशी लखलख करून राह्यली, सत्यशीलाचंच टेबल काहून असं बिनपूजेचं दिसते? तुमच्यात नाही चालत, तं पुसाले का होते?” त्या बोलून विसरल्या. ऐकणाऱ्या दहाबारा जणांपैकी दोघंतिघं हसले. तेही विसरले असतील.

म्हणून या वर्षी सत्यशीलानं ठरवलं की कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी आईला, मथुराबाईंना, दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. साडेतीनची नागपूर गाडी होती. पूजेला ती थांबणार नव्हती, पण तिचं टेबल थांबणार होतं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, सगळं तिनं पुसून काढलं. डाग मात्र निघेना. मग तिनं गेज जुन्या लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरलं, मशीन सुरू केली, आणि फिरत्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून धरला. आधी हलक्या हातानं. डाग खोल होता. मग जरा दाबून.

“देवाले नाही मानत ताई, अन् गेजले आंघोळ घालता!” पायल म्हणाली होती.

“गेज देव नाही पायल. ते मोजते, देव मोजत नाही,” सत्यशीला म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

गेज आरशासारखं झालं. कपाटाच्या दारावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलेला कागद होता : गेज पडलं, घासलं, तापलं तर मास्टरवर तपासल्याशिवाय वापरू नये. मास्टर म्हणजे गेज पडताळायचा अचूक मापाचा नमुना. तो कागद समोर होता. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिनं गेज लाल कापडावर नीट आडवं ठेवलं, पर्स उचलली आणि गाडी पकडली. परत आल्यावर तपासू, असं मनात आलं होतं की नव्हतं, हे तिला आता आठवत नव्हतं. गेजवर प्रयोगशाळेचा स्टिकर होता. मुदत मार्चपर्यंतची. स्टिकर कुणी घासला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिला आठवत होती, आणि ती न आठवती तर बरं, असं वाटत होतं.

भोक पाडल्यावर त्याच्या आतून रीमर फिरवतात, त्यानं भोक मापाला येतं. रीमर झिजला की भोकं बारीक पडू लागतात. हे काम शंकरसिंग चव्हाणकडे होतं. दिग्रस रस्त्यावरच्या तांड्यातला माणूस, पन्नाशीला टेकलेला, त्या मशीनवर चौदा वर्षं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो हातात पट्टी घेऊन तिच्या टेबलाशी आला होता.

“ताई, हा रीमर म्हातारा झाला. बदलाचा का?”

“गेज जाऊन राह्यलं का?”

“जाते तं. पण हाताले वेगळं लागून राह्यलं. आवाज बी बदलला त्याचा.”

“शंकरभाऊ, हात कायले पाह्यता? गेज पाहा. गेज खोटं बोलत नाही.”

“ते बी खरं हाये,” म्हणून तो परत गेला होता. तो रीमर आणखी आठ दिवस चालला. त्या आठ दिवसांत चोवीसशे पट्ट्या संभाजीनगरला गेल्या.

मंगळवारी दुपारी तीन वाजता भाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सदाशिवराव साठीचे, मूळचे ढाणकीकडचे. शिवारातल्या मोटारी दुरुस्त करता करता शेड उभी केलेला माणूस. त्यांच्यासमोर कंपनीचा फॉर्म छापून ठेवलेला होता. बिघाड झाला की हा फॉर्म भरायचा, संध्याकाळी सहाच्या आत. त्यात एकाखाली एक पाच चौकटी. प्रत्येक चौकटीत ‘असं का झालं’ विचारायचं, आणि जे उत्तर येईल त्यालाच पुढच्या चौकटीत पुन्हा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’पर्यंत खरं कारण सापडतं, असं ती पद्धत मानते. शेडमध्ये या फॉर्मला ‘पाच काहून’ म्हणत.

“सांग,” भाऊ चष्मा पुसत म्हणाले. “पेडल काहून अडकलं?”

“भोक बारीक.”

“लिही. भोक काहून बारीक?”

“रीमर झिजला.”

“मले वाटलंच. रीमर काहून नाही बदलला?”

सत्यशीलाचा पेन कागदावर होता. पर्स मांडीवर होती. गेजचं वजन पावशेरही नसेल.

“ऑपरेटरनं बदलला नाही,” ती म्हणाली.

“काहून नाही बदलला?”

ही चौथी चौकट होती. इथे दोन उत्तरं बसत होती. एक होतं : तपासणीचं गेज झिजलेलं होतं, त्यानं खोटं सांगितलं. ते तिनं लिहिलं नाही.

तिनं काही सांगायच्या आधीच भाऊ म्हणाले, “लक्ष नाही त्याचं आजकाल. पोरीच्या सोयरिकीच्या मागे लागला. लिही, ऑपरेटरचं दुर्लक्ष. नाव बी टाक. नाव नसलं तं ते लोक फॉर्म वापस पाठवते. पाचव्यात लिही, त्याले मशीनवरून काढलं.”

तिनं लिहिलं. तिचं अक्षर चांगलं होतं.

फॉर्मला ऑपरेटरची सही लागते. पावणेसहाला शंकरसिंग हात पुसत आला. त्यानं कागदाकडे पाहिलं. सगळा मजकूर इंग्रजीत.

“काय आहे ताई?”

“ते संभाजीनगरचं. रीमरचं लिहिलं आहे.”

“माह्यानं चूक झाली व्हय?”

“भोकं बारीक पडली, शंकरभाऊ.”

“तुम्ही लिहिलं तं बराबरच असंल,” तो म्हणाला आणि जिथे तिनं बोट ठेवलं तिथे सही केली. अक्षर लावत लावत, पूर्ण नाव. मग म्हणाला, “ताई, तुमाले फार बोलले असतील ते लोक.”

पाच वाजून बावन्न मिनिटांनी फॉर्म गेला.

बुधवारी शंकरसिंगला गेटवरच सांगण्यात आलं की पुढचं कळवू. सत्यशीलानं खिडकीतून पाहिलं नाही. खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे पाहावं लागणार नव्हतं. दुपारी डबा खाताना पायल म्हणाली,

“ताई, दसऱ्याले चमकवलेलं गेज कुठं गेलं?”

“बदललं.”

“कधी?”

“काल.”

पायलनं भाकरी मोडली. “मले काय कराचं,” ती म्हणाली. “मी तं शिकाऊ होती तेव्हा तुम्हीच सांगतलं होतं का नाई, खराब नग दिसला तं लाल पेटीत टाकाचा, ओच्यात नाई लपवाचा. तेवढं आठवलं म्हणून विचारलं.”

“तुला काय म्हणायचं आहे?”

“काहीच नाई जी. लोणचं घ्या.”

सत्यशीलानं लोणचं घेतलं. डबा संपवला. अकरा वर्षांत तिनं कितीतरी जणांना उभं करून विचारलं होतं, हा नग तुझ्या हातून सुटलाच कसा. मान खाली घातलेली माणसं तिनं पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर ती मान खाली गेलेली तिला आवडायची. आज समोर स्टीलच्या डब्याचं झाकण होतं, त्यात चेहरा दिसत होता, आणि तिनं झाकण उलटं करून ठेवलं.

गुरुवारी सकाळी मंगळवारचा फॉर्म, म्हणजे पहिला अहवाल, कंपनीनं मान्य केल्याचा मेल आला. भाऊंनी शेडमध्ये पेढे वाटले नाहीत इतकंच. अकरा वाजता उर्वशीचा फोन आला. तिचा आवाज लहान मुलीसारखा होता आणि ती कधीही आवाज चढवत नसे.

“मॅडम, भोक बारीक का पडलं, ते समजलं. ते मान्य केलंय. माझा दुसरा प्रश्न आहे. पडलं तर पडलं, ते तुमच्याकडून बाहेर कसं आलं? तुम्ही तर प्रत्येक भोक गेजनं तपासता.”

“हो.”

“मग बारीक भोकात गेज गेलं कसं? तुमच्या फॉर्ममध्ये याचं उत्तर नाहीये. दुसरे पाच ‘का’ उद्या संध्याकाळपर्यंत द्या. आणि ज्या गेजनं हा लॉट तपासला ते गेज कुरिअर करा. मी इथे मोजून घेते.”

“पाठवते.”

“एक विचारू? ऑपरेटरनं काही बोलून दाखवलं होतं का? रीमर झिजला की मशीनवरच्या माणसाला आधी कळतं बहुतेक.”

सत्यशीला म्हणाली, “मला आठवून सांगते.” तिनं फोन ठेवला. आठवून! तिला त्या दिवशीची त्याच्या हातातली पट्टीसुद्धा आठवत होती, कडेला तेल लागलेली.

शुक्रवारी सकाळी तिनं भाऊंच्या टेबलावर फडकं ठेवलं आणि उलगडलं. बसली नाही. एक ऑक्टोबरपासून सगळं सांगितलं, इंदुताईंचं बोलणं तेवढं वगळून. ते सांगितलं असतं तर आपण कुणाच्या तरी मागे लपतोय असं झालं असतं.

सदाशिवरावांनी गेज हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात फिरवलं. चकाकी अजून होती.

“अकरा वर्षांत एकदा चुकली तू,” ते म्हणाले. “अन् तेही पूजेच्या दिवशी. जाऊ दे.”

“पूजेसाठी नव्हतं घासलं भाऊ. दिसायला चांगलं दिसावं म्हणून घासलं.”

“मंगळवारी काहून नाही बोलली?”

तिनं टेबलावरच्या फडक्याची घडी घातली.

“आता ऐक माहं. नवं गेज धाडून दे. मोजते तं मोजू दे, बारा भरते. लिहून टाक, पायलनं घाईत काही पट्ट्या न तपासता सोडल्या.”

“पायलचं नाव नाही लिहिणार मी.”

“मंग नाव नको लिहू, तपासणीत नजरचूक लिही. पण हे गेज तिकडे गेलं तं काय होते, तुले माहीत आहे. ते म्हणतीन, याइचं तपासणंच खोटं. खंडेनवमीपासूनचा सगळा माल वापस. तिथून मागचा बी उकरतीन. माणूस चुकला तं माणूस बदलता येते, गेज चुकलं तं शेड चुकली. सव्वीस घरं आहेत सत्यशीला. शंकरसिंगले मी उपाशी ठेवणार आहे का? जानेवारीत लावून घेतो दुसऱ्या मशीनवर.”

“जानेवारीपर्यंत काय म्हणून फिरायचं त्यानं?”

“मंगळवारी तूच लिहिलं ना नाव?” भाऊ शांतपणे म्हणाले. “मी फक्त सांगतलं. लिहिलं तू.”

ते खरं होतं. सव्वीस घरांचंही खरं होतं. ती केबिनबाहेर आली तेव्हा तिला भाऊंचा राग आला नव्हता; आला असता तर बरं झालं असतं.

दुपारी साडेचार वाजता ती स्कूटीवर बसस्टँडजवळच्या कुरिअरवाल्याकडे गेली आणि जुनं गेज पाठवलं. परत येऊन तिनं दुसरे पाच ‘का’ लिहिले. गेज का गेलं : गेज झिजलं होतं. का झिजलं : पॉलिश पेपरनं घासलं. कुणी : तपासणी प्रमुख सत्यशीला मनवर हिनं, एक ऑक्टोबरला. घासल्यावर मास्टरवर का तपासलं नाही : घाईत होती. पाचव्या चौकटीत ती बराच वेळ अडली. शेवटी लिहिलं की ऑपरेटर शंकरसिंग चव्हाण यांनी रीमर बदलण्याबद्दल आपल्याला आधीच विचारलं होतं आणि आपण त्यांना गेज पाहा असं सांगितलं. पहिल्या अहवालातलं त्यांचं नाव काढावं. सहाला चार मिनिटं कमी असताना मेल गेला. भाऊंनाही त्याची प्रत गेली.

मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

शनिवारी सकाळी दहाला ती तांड्यावर गेली. शंकरसिंग अंगणात शेजाऱ्याचा फवारणीपंप खोलून बसला होता. तिला पाहून उठला.

“या ताई. विमल, पाणी आण.”

त्याची बायको विमलताई पाण्याचा तांब्या ठेवून दारातच उभी राहिली. सत्यशीलानं उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. शतांश वगैरे सांगायची गरज पडली नाही. ‘लेथवर पॉलिश पेपर’ म्हटल्याबरोबर शंकरसिंगचे हात पंपावर थांबले.

“म्हंजे भोक बारीक पडून राह्यलं होतं.”

“हो.”

“अन् मले हातानं समजलं होतं.”

“हो, शंकरभाऊ.”

“म्या तुमाले म्हटलं बी होतं.”

“म्हटलं होतं.”

विमलताई दारातून बोलली. “चार दिवस झाले, हा माणूस धड जेवला नाई. रस्त्यानं तीनचाकी गेली का उठून पाहते. म्हणते, माह्या हातानं कोणाचा ब्रेक अडकला असंल. मी म्हणते, तुम्ही येकटेच हाये का त्या कारखान्यात?”

“गप ना तू,” शंकरसिंग म्हणाला. मग सत्यशीलाकडे न पाहता, पंपाचा वॉशर बोटांत फिरवत म्हणाला, “तुमचं चुकलं ते चुकलं ताई. माणसाचं चुकते. पण सही घेतली तेव्हा वाचून दाखवाले पाह्यजे होतं. इंग्रजी नाई येत मले. मराठी तं येते.”

सत्यशीला अजून पाणी प्यायली नव्हती आणि आता प्यायचं कसं, हेही तिला कळत नव्हतं.

“कंपनीला खरं लिहून पाठवलं आहे,” ती म्हणाली. “तुमचं नाव काढा म्हणून लिहिलं.”

“भाऊले माहीत हाये?”

“माहीत आहे.”

“मंग मी सोमवारी येऊ का कामावर?”

“मी पाहते,” सत्यशीला म्हणाली.

“पाहते म्हणे,” विमलताई म्हणाली आणि आत गेली.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी साडेदहाला उर्वशीचा मेल आला. गेज मिळालं, मोजलं, ११.९६७ भरलं. चोवीसशे पट्ट्यांपैकी एक हजार आठशे बारा सापडल्या. उरलेल्या पाचशे अठ्ठ्याऐंशी गाड्यांना लागून पुढे गेल्या आहेत, शोध सुरू आहे. अपघाताची खबर अजून नाही. दुसरा अहवाल वाचला. मात्र पहिला अहवाल एकदा मान्य झाल्यामुळे तो मागे घ्यायची विनंती पुरवठादाराच्या मालकानं स्वतःच्या लॉगिनमधून करावी लागते. ती आलेली नाही. ती येईपर्यंत नोंदीत चौथ्या चौकटीतलं नाव तसंच राहील.

सदाशिवराव दहालाच आले होते. केबिनचं दार लावलेलं होतं. सत्यशीलानं मेल छापून आत नेऊन ठेवला. त्यांनी तो वाचला, त्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि म्हणाले, “ठेव इथी.”

शंकरसिंग नऊला कामाचे कपडे घालून आला होता. वॉचमननं त्याला गेटबाहेरच्या बाकावर बसवलं. साडेअकरापर्यंत त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं, आणि घरी जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.